शिरगावला कोण उतरणार?

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचं एक पिल्लू वाळूत येऊन अडकलं. मच्छीमार, गावकरी, वनखात्याची माणसं, तटरक्षक दल, जयगड बंदरातली टग बोट असे सगळे त्याच्या मागे धावले. ते सुकू नये म्हणून अंगावर पाणी मारत राहिले, भरतीची वाट बघत राहिले. शेवटी त्याला ओढून खोल समुद्रात नेलं. पण ते परत किनाऱ्याला लागलं आणि मेलं.

गणपतीपुळ्याला लागूनच आमचं मालगुंड. त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक फोनवर त्या पिल्लाचे व्हिडिओ फिरत होते. माझा भाचा तेव्हा अकरावी सायन्सला होता. त्याने मला पुण्याला फोन करून विचारलं, "मामू, हे शिकायचं असेल तर कुठे जातात?" हे म्हणजे व्हेल, समुद्र, ते सगळं. त्याला वाटत होतं मी अमेरिकेचं किंवा ऑस्ट्रेलियाचं नाव घेईन.

मी त्याला सांगितलं, तू रत्नागिरीला जाताना आरे-वारे मार्गाची एसटी पकडतोस ना? ती ज्या शिरगाववरून जाते, तिथे.

शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं ते कॉलेज. रत्नागिरी शहरात त्याच विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, ते तर १९५८ सालचं. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा आख्खा सांगाडा ठेवलेला आहे. आमच्या भागातल्या शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं सांगाड्यासमोर उभं राहून फोटो काढतात, काचेच्या टाक्यांतले मासे बघतात आणि वडापाव खाऊन घरी येतात. त्या इमारतीत माणसं पगारावर काम करतात, त्यांनी त्यासाठी काहीतरी शिकलेलं असतं आणि ते शिक्षण आपल्यालाही घेता येतं, हे त्या सहलीत कुणी सांगत नाही.

मालगुंड म्हटलं की बाहेरच्या माणसाला केशवसुत आठवतात आणि ते योग्यच आहे, त्यांचा जन्म इथला. आम्हा गावकऱ्यांना मात्र आधी आठवतो तो समुद्र. वर जयगड आणि शास्त्रीची खाडी, खाली गणपतीपुळे, नेवरे, आरे-वारे, पुढे साखरतर आणि मिरकरवाडा. या पट्ट्यातल्या मुसलमान घरांत समुद्राशी संबंध नसलेलं घर शोधावं लागेल. कुणी मासेमारीत, कुणी जहाजावर, कुणाचा भाऊ कुवेतच्या बंदरात. भाषाच बघा. सुकाणू, खलाशी, लंगर, बंदर, मोसम, नाखवा हे शब्द अरबी-फारसीतून गलबतांबरोबर आले आणि मराठी झाले. आज विधानसभेत कुणी राज्याचं सुकाणू हाती घेतलं असं म्हणतात तेव्हा तो शब्द मुळात अरबी दर्यावर्द्यांचा आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. सांगावंच. पण एक खटकतं. आपण समुद्रावरच्या आपल्या हक्काचा पुरावा म्हणून कायम सतराव्या शतकाकडे बोट दाखवतो. एकविसाव्या शतकातलं काय दाखवणार?

माझे आजोबा तांडेल होते. अब्बा व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून गेले आणि निवृत्त झाले. मी इंजिनिअर झालो आणि बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या वाडीत हाच क्रम घरोघरी दिसेल: आधी होडी, मग जहाज किंवा आखात, मग कॉम्प्युटर. प्रत्येक पिढी समुद्रापासून थोडी लांब गेली, आणि लांब जाण्यालाच आपण प्रगती म्हणायला लागलो. त्यात चूक नव्हती, होडीवरचं आयुष्य किती कष्टाचं असतं ते होडीवर गेलेल्यालाच माहीत. पण या क्रमात एक पायरी कुणालाच दिसली नाही. समुद्रावर राबणं आणि समुद्र सोडून जाणं, याशिवाय समुद्राचा अभ्यास करणं ही तिसरी गोष्ट असू शकते.

आजोबांची एक गोष्ट मला नेहमी आठवते, कारण तिचा माझ्या कामाशी थेट संबंध आहे. ते पाण्याचा रंग बघून जाळं टाकायचे. निळं पाणी कुठे संपतं आणि हिरवट पाणी कुठे सुरू होतं, त्या रेषेवर. पक्षी कुठे घिरट्या घालतात तेही बघायचे. का, ते त्यांना सांगता येत नसे, पण बहुतेकदा मासा मिळायचा.

आता हैदराबादला इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९९९ साली सुरू झालेली. ती रोज मच्छीमारांसाठी संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना काढते, मराठीतही काढते. ती कशी तयार होते? उपग्रहावरून दोन गोष्टी मोजतात. एक, समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान. दुसरी, पाण्याचा रंग. पाण्यात सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती प्लवक, जास्त असतील तर त्यांच्यातल्या हरितद्रव्यामुळे पाणी हिरवट दिसतं. जिथे थंड आणि कोमट पाणी एकमेकांना भिडतं तिथे खालची पोषकद्रव्यं वर येतात, प्लवक वाढतं, ते खायला छोटे मासे येतात, त्यांच्या मागे मोठे. ती सीमारेषा नकाशावर काढायची आणि अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीच्या पाण्यात असं कळवायचं. ढग आले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, त्या दिवशी सूचना मिळत नाही.

म्हणजे आजोबा होडीतून जी रेषा बघत होते, तीच उपग्रह वरून बघतो. तांडेलाची नजर आणि शास्त्रज्ञाचा नकाशा या दोन वेगळ्या दुनिया नाहीत. पण त्या नकाशावर काम करणारा माणूस महिन्याचा पगार, पेन्शन आणि मान घेतो, आणि तांडेलाचा नातू ती सूचना मोबाईलवर वाचतो, वाचली तर.

पगार आणि मानाची गोष्ट निघालीच आहे तर त्याहून गंभीर गोष्टीकडे येतो, कारण हा लेख केवळ करिअर मार्गदर्शनाचा नाही.

५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढा घालून तळातून आवळायचं मोठं जाळं, बांगडा आणि तारलीसाठी वापरतात. राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांत, परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि मोसम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवायचा असं ठरलं. हा निर्णय डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावर आधारलेला होता. पाठोपाठ नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांवर मासे ओढून पकडायला बंदी घातली. रत्नागिरीत याचे पडसाद किती उमटले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. मिरकरवाड्यातल्या, साखरतरमधल्या कितीतरी आपल्या घरांचा संसार या नौकांवर आहे. कुणी मालक, कुणी खलाशी, कुणाचं बँकेत कर्ज.

मी या निर्णयाच्या बाजूने किंवा विरोधात लिहायला बसलेलो नाही. मासा कमी झाला आहे हे कुणीही जुना मच्छीमार मान्य करेल, आणि पारंपरिक जाळ्यांच्या बाजूलाही आपलीच माणसं आहेत, कोळी, खारवी, भंडारी बांधवांबरोबर. भांडण मुसलमान विरुद्ध इतर असं नाहीच, मोठं जाळं विरुद्ध लहान जाळं असं आहे. मला टोचतं ते वेगळंच. मासा किती आहे, किती वाढतो, किती काढला तर पुढच्या वर्षी उरेल, कुठल्या जाळ्यात किती कोवळं पिल्लू सापडतं, या प्रश्नांवर सगळा निर्णय उभा होता. हे प्रश्न मोजमापाचे आहेत. आणि त्या मोजमापाच्या टेबलावर आपण नव्हतो. आपण गेटबाहेर होतो, घोषणा आणि निवेदन घेऊन. निवेदनात दुःख होतं आणि ते खरं होतं, पण आकडे नव्हते.

आकडे काय करू शकतात याचं एक उदाहरण देतो. केरळात २०१२ साली तारलीची विक्रमी मासेमारी झाली आणि नंतरच्या वर्षांत ती कोसळली. सरळ दिसणारं उत्तर होतं अतिमासेमारी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अभ्यास करून सांगितलं की यात एल निनोचा, म्हणजे समुद्राच्या तापमानातल्या बदलाचाही हात आहे. आता हे मच्छीमाराने ओरडून सांगितलं असतं तर बहाणा वाटला असता. वर्षानुवर्षं बंदरावर उभं राहून टोपल्या मोजणाऱ्यांनी सांगितलं म्हणून ते ऐकलं गेलं.

आपल्या बंदरावर टोपल्या मोजणारा आपला कुणी असेल तर तो आपल्याला सोयीचे आकडे देईल, असं मी म्हणत नाही. उलट कधी तो घरच्या जेवणाच्या ताटावर बसून अब्बांना सांगेल की तुमच्या जाळ्याची आसं फार लहान आहेत. ते ऐकायला जड जाईल. पण ते घरात बोललं जाईल, आणि मुंबईत समितीसमोर बोलताना त्याला होडीवरच्या माणसाची अडचणही माहीत असेल.

या क्षेत्रात आपलं कुणी नाही, ही समजूत मात्र काढून टाका. डॉ. सय्यद झहूर कासिम हे नाव आपल्या शाळांच्या भिंतींवर असायला हवं होतं. १९२६ साली अलाहाबादला जन्म, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल लांब. अलिगढला प्राणिशास्त्र शिकले, वेल्समध्ये माशांवर संशोधन केलं, मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली गेली. २१ माणसं ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. पुढे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू आणि नियोजन आयोगाचे सदस्य झाले. अब्दुल कलामांचं नाव आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. कासिमांचं दहातल्या एकालाही माहीत नसेल, आणि आपण तर किनाऱ्यावर राहतो.

त्याच संस्थेतल्या आदिती पंत नागपूरच्या. पुण्यात बी.एस्सी., मग हवाई विद्यापीठ, मग लंडनहून पीएच.डी. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पोचल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण दर्या म्हटलं की आपल्याकडे मुलींना आपोआप बाजूला ठेवतात. होडीवर बाई चालत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पण मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी निवडणारे, कोळंबी सोलणारे, लिलावात भाव फोडणारे हात कुणाचे असतात? मासळीचा धंदा निम्मा बायकांच्याच हातांनी चालतो, फक्त शिक्षणाची गोष्ट आली की तो पुरुषांचा होतो. निर्यातीला जाणाऱ्या कोळंबीत प्रतिजैविकांचे अंश आहेत का, जंतू किती आहेत, हे तपासणारी प्रयोगशाळेतली नोकरी कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबइतकीच घरच्यांना पटण्यासारखी आहे. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून रत्नागिरीत बसलेल्या आपल्या मुली मी ओळखतो. त्यांना हे दार कुणी दाखवलेलं नाही.

आता दारं. सगळी सांगणार नाही, मला ज्यांची खात्री आहे तेवढीच.

बारावी सायन्सला बायॉलॉजी असेल तर सगळ्यात जवळचं म्हणजे शिरगाव. चार वर्षांची बी.एफ.एस्सी. पदवी, प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर. मत्स्यपालन, माशांचे आजार, जाळी आणि नौका, मासळीवरची प्रक्रिया, समुद्राच्या पाण्याचा अभ्यास असं सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात अशी पदवी नागपूर आणि उदगीरलाही मिळते. गंमत बघा, समुद्र नसलेल्या गावांतली पोरं ती पदवी घेतात. पुढे एम.एफ.एस्सी. करायची तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ सालची. तिला विद्यापीठाचा दर्जा आहे.

साधी बी.एस्सी. झालेली असेल, फिजिक्स, केमिस्ट्री, झूलॉजी, जिऑलॉजी काहीही, तर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. करता येते, कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्रविज्ञानाची. पणजीजवळ दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची, आणि तिचं एक प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे. बंदर बांधायचं असो की किनाऱ्यावर कारखाना उभारायचा असो, आधी तिथल्या पाण्याची, गाळाची आणि जीवांची पाहणी करावी लागते. जयगडसारखं बंदर आपल्या दारात उभं राहतं तेव्हा आपण तिथे ड्रायव्हर आणि सिक्युरिटी गार्डच्या जागा मागतो. त्या मागायलाच हव्यात, पण समुद्रतळाची खोली मोजणारे, गाळ किती साचतो ते सांगणारे, पाण्याचे नमुने घेणारे लोक कुठून येतात, हेही एकदा विचारायला हवं.

पीएच.डी.चा विचार करणाऱ्यांसाठी एक कडू बातमी जुनीच आहे: मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. त्याबद्दल राग आहे आणि तो बोलून दाखवलाच पाहिजे. पण सीएसआयआर-नेटची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप सगळ्यांसाठी आहे, आणि २०२३ पासून ती महिन्याला ३७ हजार रुपये झाली. परीक्षा कठीण आहे. पुण्यात एमपीएससीच्या क्लासला तीन-तीन वर्षं घालवणाऱ्या पोरांना कठीण परीक्षेची भीती दाखवण्यात काही अर्थ नाही.

गणित घेतलेल्यांना दोन रस्ते. एक नौका आणि समुद्र अभियांत्रिकीचा. मद्रास आणि खरगपूरच्या आयआयटीत, शिवाय कोचीनला, जहाज कसं बांधावं, लाटांचा मारा कसा झेलावा, समुद्रात खांब कसे रोवावेत हे शिकवतात. दुसरा रस्ता आपल्या ओळखीचा, मर्चंट नेव्हीचा. त्यासाठी भारतीय सागरी विद्यापीठाची आयएमयू-सीईटी द्यावी लागते, बारावीला भौतिक, रसायन आणि गणितात मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. डेकवर जायचं असेल तर चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टी हवी, आणि रंगांधळेपणा असेल तर तो रस्ता बंद. डोळ्यांची ही तपासणी फी भरण्याआधी करून घ्या, नंतर नाही.

आणि एजंट. आमच्या नात्यातल्या एका मुलाने जहाजावर लागण्यासाठी एका एजंटाला चार लाख दिले. आईचे दागिने मोडले होते. त्याला परदेशी बंदरात एका जुनाट बोटीवर चढवलं, करारात लिहिलेलं काम वेगळंच निघालं, सात महिने पगार नाही, पासपोर्ट कप्तानाकडे. शेवटी दुसऱ्या एका भारतीय खलाशाच्या ओळखीने तो घरी आला. या गोष्टी आपल्याकडे दबून राहतात, कारण घरच्यांना लाज वाटते. म्हणून मी स्पष्ट लिहितो. जहाजावर माणसं भरणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि तो खरा की खोटा हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादीही तिथेच आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणंच नियमबाह्य आहे. कुणी कितीही ओळखीचा असला, जमातीतला असला, आपल्याच मशिदीत पहिल्या सफेत उभा राहणारा असला, तरी पैसे मागितले की उठून या.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही एक सांगायचं आहे. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो फ्लोट तरंगत आहेत, लांबट नळीसारखी यंत्रं. ती एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जातात आणि वर येताना तापमान आणि खारटपणा मोजत येतात. पृष्ठभागावर आली की माहिती उपग्रहाला पाठवतात. भारतानेही हिंदी महासागरात असे फ्लोट सोडलेले आहेत. आणि ही सगळी माहिती फुकट आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं. मी पहिल्यांदा अरबी समुद्रातल्या एका फ्लोटचे आकडे पायथॉनमध्ये आलेखावर काढले तेव्हा मे महिन्यात वरचा थर कसा तापत जातो आणि पाऊस लागल्यावर कसा थंड होतो, ते रेषेत दिसलं. याच उष्णतेवर वादळं पोसतात. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ज्यांच्या छपरांवरून गेलं त्यांना वादळाचं महत्त्व सांगायची गरज नाही. अंदाज बांधणाऱ्या संस्थांना, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेलासुद्धा, कोड लिहिणारी माणसं लागतात. बँकेचं ॲप लिहिणाऱ्याला हे जमणार नाही असं काही नाही, त्याला थोडं भौतिकशास्त्र पुन्हा उघडावं लागेल.

कोकणात कासवांच्या पाठीवर लावलेली यंत्रंही याच जातीची. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, तिचं नाव ठेवलं प्रथमा. कासव श्वास घ्यायला वर आलं की टॅग उपग्रहाशी बोलतो. मालगुंडच्या वाळूतही ही कासवं अंडी घालायला येतात. आमच्या लहानपणी त्या अंड्यांचं काय व्हायचं ते लिहीत नाही, आता गावातलीच माणसं घरट्यांवर पहारा करतात.

हे सगळं सरकारने करावं, समाजाने करण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. आपल्याच इतिहासात उत्तर आहे, आणि ते सतराव्या शतकातलं नाही. मुंबईसमोर न्हावा इथे १९१० साली सर मोहम्मद युसूफ यांनी मुलांना दर्यावर्दी करण्यासाठी एक संस्था काढली. तीच आजची ट्रेनिंग शिप रहमान, देशातल्या सगळ्यात जुन्या सागरी प्रशिक्षण संस्थांपैकी एक. सरकारी प्रशिक्षण जहाज डफरिन सुरू झालं ते १९२७ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. एका मुसलमान व्यापाऱ्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं की समुद्रावर जाणाऱ्या पोराला नुसती हिंमत पुरत नाही, त्याला शिकवावं लागतं.

आमच्या जमातीची आखातातली मंडळी गावाला भरभरून पैसे पाठवतात. मशिदीला नवी फरशी बसते, दफनभूमीला कुंपण होतं. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण मालगुंड ते शिरगाव एक गाडी करून दहावीच्या तीस मुलामुलींना दिवसभर कॉलेज दाखवून आणायला किती खर्च येईल? फरशीच्या एका खोक्याएवढा. सीईटीच्या पुस्तकांचा एक संच गावच्या वाचनालयात ठेवायला त्याहून कमी.

एक सोय तर निसर्गाने आणि कायद्याने आपोआप करून ठेवली आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, अब्बा घरी. सीईटीचा निकाल आणि प्रवेशाचे अर्ज साधारण याच काळात येतात. वर्षातले दहा महिने मुलाचे कागद भरायला घरात बाप नसतो, या दोन महिन्यांत असतो. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि ज्यांना लागू आहे त्यांना नॉन-क्रीमीलेयर लागेल. तहसील कार्यालयात जूनमध्ये रांग लागते आणि सर्व्हर बंद पडतो, म्हणून हे अर्ज मे महिन्यात, होडी अजून पाण्यात असतानाच टाका.